‘येते’ म्हणून बसून राहणारी रत्ना

रत्नाच्या सुनेने व्हिडिओ कॉल लावला आणि मी सवयीने फोन कानाला धरला. त्यामुळे सासू गेल्याचं सांगताना त्या बिचारीला समोर फक्त माझा कान दिसत होता. “अक्का, अम्मा दुपारी आडव्या झाल्या, त्या उठल्याच न्हाईत...” ऐकल्यावरही मी फोन खाली घेतला नाही. रडणारी म्हातारी दाखवण्यापेक्षा कान बरा. या गोष्टीला आता महिना उलटून गेला.

आमची ओळख संस्थेच्या जीपच्या काळातली. मी पुण्याहून समाजकार्याची पदवी आणि खांद्याला शबनम घेऊन सोलापुरात उतरले, तेव्हा जिल्ह्यातलं दुःख माझीच वाट बघत थांबलंय अशी माझी खात्री होती. रत्ना शहराच्या पूर्व भागातल्या, हातमाग चालवणाऱ्यांच्या घरातली. घरात तेलुगू, बाहेर आपली सोलापुरी, आणि दक्षिणेकडच्या गावांसाठी मोडकंतोडकं कानडी. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जायचं आणि त्यांचं करणाऱ्या बायकांना आधार द्यायचा, हे आमचं काम. मी बाजेवर बसून प्रश्न विचारायची, चहा प्यायची आणि जीपमध्ये जाऊन बसायची. रत्ना मात्र उंबऱ्यात चपलेच्या बकलाशी झटत राहायची. मी ड्रायव्हरला हॉर्न वाजवायला लावायची. मागच्या जन्मी मी बहुतेक एसटीची कंट्रोलर असावे. शेवटी एकदा वैतागून म्हटलं, “रत्ना, नव्या चपला घे बाई, मी आणून देते.” ती शांतपणे म्हणाली, “बक्कल चांगलं हाय की, अक्का. बाई बोलंस्तोवर लागत न्हाय, एवढंच.” पाहुणा बसलेला असतो तोवर घरात सगळं छान असतं. तो उठला, चपला घालायला लागला, की दाराच्या चौकटीला धरून आवाज खाली येतो आणि खरी गोष्ट निघते. हे मला पुण्यात कुणी शिकवलं नव्हतं.

निवृत्तीनंतर टाळेबंदी आली आणि आमच्या बैठका फोनवर गेल्या. पुण्याच्या एक फिजिओथेरपिस्ट बाई वेबिनारमध्ये रुग्णाला कुशीवर कसं वळवायचं ते दाखवायच्या आणि आमच्या बायका तिथल्या तिथे आपापल्या नवऱ्यावर करून बघायच्या. मोहोळच्या एका आजोबांनी वळता वळता कॅमेऱ्याला नमस्कारसुद्धा केला. शिकणं उत्तम चाललं होतं. मी तर खुशीत होते, कारण एका बोटाने सगळ्यांची तोंडं बंद करायची सत्ता मला उभ्या आयुष्यात प्रथमच मिळाली होती. वेळ झाली की मी लाल बटण दाबून मोकळी. रत्ना मात्र खट्टू. “ह्याच्यात चपला घालायला जागाच न्हाय की, अक्का.”

मग तिनेच जागा काढली. बटण माझ्या हातून काढून घेतलं. बैठक झाली की हात जोडून “चला, येते हां” म्हणायची आणि शेंगा फोडत तिथेच बसून राहायची. एकेक चौकोन विझत जायचा. एखादा राहायचा...

एकदा राहिली ती वळसंगची महादेवी. बैठकीत तिने सासूला नवं लुगडं नेसवून, कुंकू लावून दाखवलं होतं. सगळं ब्येस हाय म्हणाली होती. आता ती फोन घेऊन चुलीपाशी आली. “ताई, काल मी म्हातारीवर हात उगारला. लागला न्हाय. पण उद्या लागंल... मला भ्या वाटतंय माझंच.” माझ्या जिभेवर ताणाच्या व्यवस्थापनाचं अख्खं भाषण आलं होतं. रत्नाने शेंग खाली ठेवली आणि विचारलं, “झोपून किती दिस झाले गं तुला?” महादेवी नुसती रडली.

त्या आठवड्यापासून रत्ना रोज दुपारी तासभर म्हातारीपाशी बसू लागली, म्हणजे फोनमधून. महादेवी फोन उशीशेजारी तांब्याला टेकवून ठेवायची आणि आतल्या खोलीत जाऊन पडायची. काही लागलं तर हाक मारायची जबाबदारी रत्नाची. म्हातारी कानडी. रत्नाच्या कानडीला ती दात नसलेलं तोंड उघडून हसायची, चुका काढायची. मी चिडवायची, “अगं, सेवा तू करतेस का ती?” “ती मला शिकवतीय की. फी न्हाय घेत.”

रत्ना गेली तेव्हा मला पहिली काळजी त्या तासाची लागली. महादेवी स्वतःहून मागणार नाही, हे ठाऊक होतं. तेरावा झाल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी मीच फोन लावला. महादेवी म्हणाली, “तुमी कशाला तरास घेता, अक्का...” पण फोन तांब्याला टेकवला आणि आत गेली. समोर म्हातारी. मला कानडी येतं ते फक्त ‘ऊट आयता’ एवढं. जेवण झालं का, ते विचारलं. तिने मान हलवली. माझं कानडी तिथेच संपलं. शेवटी मीच मराठीत रत्नाचं सांगायला लागले, आणि माझी सवय, आवाज चढत गेला. म्हातारीने कसाबसा एक हात उचलला, बोट ओठांवर ठेवलं आणि आतल्या खोलीकडे नजर केली. आत महादेवी घोरत होती.

मी आवाज खाली आणला.