वाढतं माप

बहरीनमध्ये, बाब अल बहरीन या जुन्या वेशीच्या मागच्या गल्लीत मी अरबांचे पायघोळ तोब शिवायचो. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. एक दिवस घानाचा एक फुटबॉल कोच उसवलेली पँट घेऊन दुकानात आला. बुसैतीनकडच्या एका क्लबाने त्याला लहान पोरांना शिकवायला आणलं होतं. पँट मी तेव्हाच टाचून दिली आणि तेव्हापासून हा गडी चहाला यायला लागला. त्याचं इंग्रजी, माझं हिंदी आणि दोघांचं मोडकं अरबी, एवढ्यावर आमचं छान चालायचं.

टेबलावर माझीच बटणं मांडून तो मला त्याच्या देशाचा फुटबॉल शिकवायचा. शर्टाची बारकी बटणं म्हणजे गावातली पोरं, मधली म्हणजे ज्युनियर संघ आणि कोटाची मोठी म्हणजे देशाचा संघ. "मोठं बटण सगळ्यांना दिसतं, मास्टर," तो म्हणायचा, "पण बारकी नसतील तर मोठं कुठून येणार?" त्याची स्वतःची बारकी बटणं गावाच्या तांबड्या मातीच्या मैदानावर होती. चिंध्यांच्या चेंडूपासून त्याने तो संघ उभा केला होता. मग गल्फचा पगार आला आणि संघ मदतनिसाच्या हवाली झाला. "सोडला" असा शब्द मी एकदा वापरला तर चिडला. "सोडला नाही. ठेवून आलोय."

एकदा तो नाचतच आला. त्याची पोरं देशाच्या ज्युनियर संघाच्या निवडीला जाणार होती. त्यांच्यासाठी त्याला माझ्याकडून पिवळे शर्ट हवे होते. प्रत्येक पोराचं माप त्याला तोंडपाठ होतं.

"कधी घेतलेलं?" मी विचारलं.

"निघताना."

म्हणजे दोन वर्षं झाली होती. आमच्या कोकणात पोराचे कपडे नेहमी वाढत्या अंगाचे शिवतात. आत दुमड ठेवायची, मूल वाढलं की उसवायची. माझी बायको मुलाच्या मापाचा दोरा, छातीला एक गाठ नि उंचीला एक, गावाहून येणाऱ्याच्या हाती पाठवायची. तो माझ्या हाती पडेपर्यंत पोरगा वाढलेला असायचा. म्हणून मी दुमड जरा जास्तच ठेवायचो.

"थोडं लूज ठेवतो," मी म्हटलं.

"नो, मास्टर! एग्झॅक्ट. ढगळ शर्टात पोरगं पळेल कसं? निवडणारे हसतील."

मी मापं वहीत उतरवून घेतली. शर्ट आखूड होणार हे मला कळत होतं. पण तसं सांगायचं म्हणजे हेही सांगायला हवं होतं, की बाबा, तुझी पोरं आता तुझ्या डोक्यातल्या मापाची राहिली नाहीत. ते त्याच्याआधी मलाच लागलं असतं. मी अगदी मापात शिवले, दुमड न ठेवता. कात्री चालवताना चोरी करत असल्यासारखं वाटत होतं.

काही महिन्यांनी तो फोटो घेऊन आला. पुढे पिवळ्या शर्टातली चिमुरडी पोरं बसलेली आणि मागे बनियनवर उंच उंच मुलं. शर्ट त्यांच्या खांद्यांवरूनही नीट उतरले नव्हते. उसने शर्ट घालून ती मोठी मुलं निवडीला गेली. काहींची निवडही झाली, आता कोच झालेल्या त्या मदतनिसाच्या हाताखाली. पिवळे शर्ट नव्या तुकडीला दिले.

"मग चांगलंच झालं की," मी म्हटलं. बोलताना त्याच्याकडे बघवेना.

त्याने पुढच्या पोरांवरून बोट फिरवलं. "ही कोण आहेत, मास्टर?" मला विचारत होता! मग हळूच म्हणाला, "तुला माहीत होतं ना?"

"हो."

शिव्या घालेल असं वाटलं. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. "खलास," एवढंच म्हणाला, माझ्या खांद्यावर थोपटलं आणि चहा न घेता गेला.

त्या वर्षी मी दोरा मागवला नाही. लीव्हवर गेलो आणि पोहोचल्या दिवशीच टेप काढून मुलाला अंगणात उभं केलं. तो माझ्या खांद्याला लागला होता. त्याने शहाण्यासारखे दोन्ही हात बाजूला धरले आणि दुकानात गिऱ्हाईक उभं राहतं तसा, माझ्याकडे न बघता, माप संपायची वाट बघत उभा राहिला.