रंभाबाईच्या घरातला दोन दारांचा फ्रीज

कोलशेतच्या कोळीवाड्यात रंभाबाईशी मासळीवरून वाद घालायला कुणी जात नसे. चाळीस वर्षं पाटी डोक्यावर वागवलेली बाई. बोटानं दाबून, कल्ला उचलून ती मासा कधीचा ते सांगायची आणि तिचं सांगणं खरं निघायचं. शेजारच्या नव्या टॉवरमधल्या शिकलेल्या बायकासुद्धा तिच्यापुढं गप्प उभ्या राहायच्या. कधीच न चुकणाऱ्या माणसाची एक पंचाईत असते. आपलं काही चुकलं असेल, असा संशयच त्याला येत नाही.

तिचा नवरा नामा एके काळी खाडीत जाळी लावायचा. खाडीत मासळी उरली नाही तशी त्यानं होडी काढून टाकली. मग साखरेनं त्याला गाठलं, डोळे अधू झाले. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनची सुई रंभाबाईच भरायची आणि तीच टोचायची, कारण सुईवरच्या बारीक रेघा नामाला दिसत नसत. औषधाची बाटली जुन्या फ्रीजच्या दारात, लिंबांच्या शेजारी असायची. त्या फ्रीजचं दार नीट लागत नव्हतं, त्याला स्टूल टेकवून ठेवावं लागे. तरीही नामाची साखर बरी होती. डॉक्टर त्याची पाठ थोपटायचे.

टॉवरमधल्या बाविसाव्या मजल्यावर पापलेट द्यायला गेली असताना रंभाबाईनं तो फ्रीज पहिल्यांदा पाहिला. वरची दोन दारं कपाटासारखी दोन्ही हातांनी उघडायची, खाली मोठे ड्रॉवर, आत दिव्यांचा लखलखाट. तिच्या मनात तो जो बसला तो बसलाच. वाडवडिलांच्या जागेचा थोडा पैसा त्याच वर्षी हातात आला होता. डोंबिवलीला दिलेल्या तिच्या लेकीनं, हेमालीनं, समजावून पाहिलं.

"आई, दोन माणसांना एवढा फ्रीज कशाला? त्यात तुम्ही दोघं पण मावाल."

"आयुष्यभर लोकांना ताजा खायला घातला," रंभाबाई म्हणाली. "आता माजे घरात पन ताजा राहूंदे."

डोंबिवलीच्या दुकानात हेमाली होती आणि तिची सहा वर्षांची मुलगी प्राप्तीही होती. विकणाऱ्या पोरीनं बर्फाचे साचे दाखवले, दारावरचे आकडे दाखवले. रंभाबाईचं लक्ष कशातच नव्हतं. तिनं बाही वर सारली आणि आपला हात कोपरापर्यंत आडवा फळीवर ठेवून पाहिला.

"यात अख्खा जिताडा झोपंल का, ता सांग."

आसपासची गिऱ्हाइकं हसली. विकणारी पोर मात्र हुशार होती. ती म्हणाली, "मावशी, जिताडा खाली झोपवा. हा ड्रॉवर बघा. बटण दाबलं की भाजीचा होतो, परत दाबलं की मासळीचा. मायनस पाच. विळीवर कापता येईल एवढाच कडक होतो मासा."

तिथंच सौदा ठरला. दुसऱ्या एका कंपनीच्या फ्रीजमध्ये जागा जास्त होती, पण मासळीचा खण नव्हता. रंभाबाईनं त्याच्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही.

नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी फ्रीज आला. चार माणसांनी घराच्या दाराची फळी बिजागरीतून काढली तेव्हा कुठं तो आत गेला. वाड्यातल्या बायका बघायला जमल्या. रंभाबाईनं त्याला हळदकुंकू लावलं. नामानं हात फिरवून त्याची रुंदी अजमावली आणि म्हणाला, "आपली होरी पन एवरी रुंद नव्हती गो." मग लहान पोरासारखी त्यानं दोन्ही दारं एकदम उघडली, मिटली, परत उघडली. अधू डोळ्यांनाही आतला उजेड दिसत होता, त्याचं त्याला फार अप्रूप वाटलं.

त्याच दिवशी रंभाबाईनं नामाच्या औषधाला जागा दिली. औषधांचा दुकानदार ती बाटली थर्माकोलच्या डब्यात, बर्फाच्या पिशवीला लावून देत असे. बर्फातून आलेली वस्तू जितकी गार ठेवाल तितकी टिकते, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. सगळ्यात मोलाची वस्तू ती, मग जागाही सगळ्यात चांगली हवी. तिनं स्टीलचा नवा डबा घासूनपुसून घेतला, त्यात बाटल्या ठेवल्या आणि डबा मासळीच्या खणात, वेगळ्या कोपऱ्यात ठेवून दिला. सकाळी पाहिलं तर बाटली आतून दगडासारखी ताठ. तिला बरं वाटलं. ताठ मासळी ताजी, मऊ पडली की गेली. घात झाला तो इथंच, आणि तो तिनं मायेनं केला.

रोज सकाळी चहा टाकायच्या आधी ती बाटली बाहेर काढायची, तळहातांत घोळून सैल करायची. औषधात पांढरे कण दिसायचे, काही बाटलीच्या काचेला चिकटून राहायचे. ती जोरानं हलवायची आणि सुई भरायची.

महिन्याभरात नामाची साखर चढली. डॉक्टरांनी औषधाचं माप वाढवलं. पुढच्या खेपेला आणखी चढली, माप आणखी वाढलं. डॉक्टरांनी चष्म्यावरून नामाकडं पाहिलं आणि विचारलं, "गोड चाललंय का काका?"

"नाय वो डाक्टर."

रंभाबाईनं डॉक्टरांकडं पाहून मान हलवली, म्हणजे चाललंय. नामाचा इतिहास काही चांगला नव्हता. हेमालीच्या लग्नात त्यानं खिशात सहा पेढे लपवले होते आणि सदऱ्याला मुंग्या लागल्यावर पकडला गेला होता. वाड्यात ती गोष्ट अजून हसून सांगत. आता त्या गोष्टीतलं हसू गेलं. रंभाबाई त्याची उशी उलटी करी, सदऱ्याचे खिसे चाचपी, तोंडाचा वास घेई. काही सापडत नसे. काही सापडत नाही म्हणजे हा आता लपवायलाही शिकला, असं तिनं ठरवून टाकलं.

"एकवीरेची शप्पत, मी नाय खाल्ला," नामा म्हणाला.

"देवीला तरी मधी आनू नको. मेल्या, कोनासाटी सुया टोचतंय मी?"

फ्रीजच्या दोन्ही दारांना शेजारी शेजारी उभ्या मुठी होत्या. दिवाळीच्या आधी रंभाबाईनं त्या दोन मुठींतून साखळी ओवली आणि तिला कुलूप लावलं. किल्ली पदराच्या गाठीला. नामाला गार पाणी हवं असलं तरी तिला हाक मारावी लागे. आल्यागेल्यानं विचारलं की ती त्याच्यासमोरच सांगायची, "घरातच चोर हाय, काय करू?" नामा ओट्यावर बसून ऐकायचा. हळूहळू त्यानं उत्तर देणं सोडलं. मग तिनंही त्याच्याशी बोलणं सोडलं. जेवण वाढलं तर ताट आदळायची आणि सुई टोचायची तेवढा त्याचा दंड धरायची. तिला त्याचा राग होता हे खरं, पण रागाच्या मुळाशी भीती होती. हा माणूस आपल्या डोळ्यांदेखत जाणार, आणि एका जिलबीच्या तुकड्यासाठी जाणार, ह्या भीतीनं तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

नव्या चपलेनं नामाच्या उजव्या अंगठ्याला फोड आला. फोड फुटला, जखम झाली, जखम भरेना. अंगठा काळा पडला, मग पाऊल. हेमालीनं रिक्षात घालून त्याला मोठ्या सरकारी रुग्णालयात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी पाहिलं आणि दुसऱ्याच दिवशी गुडघ्याखाली पाय कापला.

रुग्णालयात चार दिवसांत नामाची साखर खाली आली. माप घरच्यापेक्षा कमी, तरी साखर खाली. तरणा डॉक्टर कागद बघून म्हणाला, "इथं बरोबर येतेय. म्हणजे औषध लागू पडतंय. घरी पथ्य पाळत नसणार हे."

"ऐकलास?" भरल्या वॉर्डात रंभाबाई ओरडली. "ऐकलास ना, डाक्टर काय बोलतंय ता?"

नामानं तोंड भिंतीकडं केलं.

घरी सोडायच्या दिवशी पामेला सिस्टरनं रंभाबाईला कोपऱ्यातल्या टेबलाशी बसवलं. वसईकडची बाई, बोलायला मोकळी. सुई कशी भरता, कुठं टोचता, सगळं विचारून ती कागदावर खुणा करत होती. रंभाबाईचं सगळं बरोबर होतं. सिस्टर खूश झाली.

"आणि काकी, ठेवता कुठं?"

रंभाबाई जरा ताठ बसली. "नवा फ्रीज हाय ना मोटा, दोन दारांचा. मासलीचा वेगला खन हाय त्याला, तेच्यात ठेवतंय. अशी कडक राहते बाटली, जसा दगड."

सिस्टरचं पेन थांबलं. "गोठते?"

"हां. मंग हातात घोलून सैल करतंय."

"कधीपासून?"

"नारली पुनवेपासून."

सिस्टरनं खुर्ची जवळ ओढली आणि आवाज खाली आणला. "काकी, हे औषध गार ठेवायचं असतं, गोठवायचं नसतं. एकदा गोठलं की त्यातला गुण जातो. दिसायला तसंच दिसतं, पण काम करत नाही. इतके दिवस त्यांना औषध मिळतच नव्हतं."

"पन त्यानं गोड..."

"त्यांनी काही खाल्लं नसेल हो. न खाताच चढली असणार." सिस्टरनं तिच्या हातावर हात ठेवला. "तुम्हाला कुणी सांगायला हवं होतं. खोक्यावर लिहिलेलं असतं, पण बारीक अक्षरात. घरी जायच्या आधी त्यांना सांगा. त्यांच्या मनात राहायला नको."

रंभाबाईनं मान हलवली. ती उठली. टेबलापासून नामाच्या खाटेपर्यंत वीस पावलं असतील, तेवढ्यात तिनं मनाशी चार वेळा वाक्य जुळवलं. चूक माजी हाय. तुजी नाय, माजी. आयुष्यात हे वाक्य तिनं कधी कुणाला म्हटलं नव्हतं.

हेमाली पिशवीत कपडे भरत होती. नामा उशीला टेकून बसला होता. बायकोची चाहूल लागली तसा तोच आधी बोलला.

"रंभे, येक सांगतंय. मी खाल्ला."

ती थांबली.

"गनपतीत खाल्ला. मंग नाक्यावरचे दुकानात जाऊन रोज खाल्ला. जिलबी, पेरे, सगला. देवीची खोटी शप्पत घेतली. माजा पाय माजेच करनीनं गेला."

रोज नाक्यावर! अंगणातल्या नळापर्यंत जायला त्याला भिंतीचा आधार लागायचा. नाक्यावरचं दुकान तर वर्ष झालं बंद पडलं होतं, हे त्याला ठाऊकसुद्धा नव्हतं. इतकं वाईट खोटं नामा जन्मात बोलला नव्हता.

"आता तरी माज्याशी बोल," तो म्हणाला. "घरात कोनी बोलत नाय, मना करमत नाय गो."

हेमालीला रडू आवरेना. "आई, कबूल केलं ना बाबांनी? आता सोड. माफ कर त्यांना."

रंभाबाईच्या जिभेवर वाक्य तयार होतं. तिनं नवऱ्याकडं पाहिलं, लेकीकडं पाहिलं. त्या दोघांनी तिच्यासाठी एक दार उघडून धरलं होतं आणि तिच्यात दुसरीकडून जायची हिंमत नव्हती.

"जाऊंदे," ती म्हणाली. "झाला ता झाला."

नामा हसला. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

घरी आल्यावर तिनं साखळी काढली आणि बाटली वरच्या फळीवर, दह्याच्या भांड्याशेजारी ठेवली. जागा का बदलली, हे कुणी विचारलं नाही. नामाची साखर तेव्हापासून जागेवर आहे. डॉक्टर म्हणतात, काकांनी जिभेला लगाम घातला. वाड्यात माणसं म्हणतात, पाय गेल्यावर अक्कल आली. आज सांगू, उद्या सांगू, करत रंभाबाई दिवस ढकलते, आणि दर चांगल्या तपासणीनंतर सांगणं आणखी अवघड होऊन बसतं. ती त्याच्याशी पुष्कळ बोलते आता. त्याला न्हाऊ घालते, काटे काढून घास भरवते, संध्याकाळी त्याच्याजवळ ओट्यावर बसते. वाड्यातल्या बायका म्हणतात, नवरा असा वागला तरी रंभाबाईनं किती केलं त्याचं.

मे महिन्यात हेमाली प्राप्तीला घेऊन राहायला आली. शेजारच्या घरी बारसं होतं, तिथून पेढ्यांची पुडी आली. रंभाबाई दाराशी कोळंबी सोलत बसली होती. प्राप्तीनं आईला पेढा दिला, आजीच्या तोंडात घातला आणि आजोबांसमोर येऊन हात मागं घेतला.

"आजोबा, तुम्हाला नाही. तुम्ही चोरून खाल्लंत ना, म्हणून तुमचा पाय कापला."

हेमालीनं तिला दटावलं, पण नामाला राग आला नाही. त्यानं चाचपडत नातीच्या डोक्यावर हात ठेवला. "व्हय बाय. तुजी आजी सांगत होती, मीच ऐकला नाय."

प्राप्ती वळली. "हो ना गं आजी?"

रंभाबाईच्या तोंडात पेढा होता. तो तिनं गिळला.

"हो," ती म्हणाली.