टँकमधला अमोनिया

माझे वडील, अण्णा, आमच्याकडे राहायला येऊन थोडेच महिने झाले होते. एका रविवारी सकाळी टँकमधले चारही गोल्डफिश पाण्याच्या वर येऊन तोंडं उघडमीट करताना दिसले. हवेचा पंप चालू होता, बुडबुडे नेहमीसारखे येत होते, तरी त्यांना श्वास पुरत नव्हता. नवरा तोंडात ब्रश तसाच ठेवून टँकपाशी गेला आणि वाकून बघत राहिला.

"कल्ले बघ किती लाल झालेत," तो म्हणाला.

टँक त्याचा जीव की प्राण. मुलुंडचं आमचं घर लहान, पण टीव्ही आतल्या खोलीत नेऊन त्याने हॉलची मोठी भिंत टँकला दिली होती. ऑफिसातून आला की बूट काढायच्या आधी मासे बघायचा. पाणी तपासायचं किटही होतं त्याच्याकडे. काचेच्या नळीत टँकचं पाणी घ्यायचं, वर औषधाचे थेंब टाकायचे आणि थांबायचं. पिवळं राहिलं तर ठीक. जितकं हिरवं, तितका अमोनिया जास्त. म्हणजे माशांची घाण आणि उरलेलं खाणं कुजून पाण्याचंच विष झालेलं. त्या दिवशी नळी गडद हिरवी झाली.

त्याने निम्मं पाणी काढून नवीन भरलं. मासे खाली गेले. पण आठवडा संपायच्या आत पुन्हा वर आले. पुन्हा नळी हिरवी, पुन्हा बादल्या. त्याला नळाच्या पाण्याचा संशय आला, ते तपासलं तर पिवळंच. मग फिल्टरचा स्पंज काढला आणि टँकच्याच काढलेल्या पाण्यात हलक्या हाताने पिळला. नळाखाली धुतला तर पाण्यातल्या क्लोरीनने अमोनिया खाणारे चांगले जंतू मरतात, असं त्याचं म्हणणं. तरी फरक पडेना. एका संध्याकाळी सगळ्यात मोठा मासा कडेला मरून आडवा तरंगताना दिसला.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याने पाइप लावून तळातल्या खड्यांमधला गाळ ओढून काढला. बादलीत लालसर, फुगलेला लगदा आला. माशांच्या खाण्याचा. त्याने मला स्वयंपाकघरातून बाहेर बोलावलं, गॅलरीत बसलेल्या अण्णांकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"हे एका चिमटीचं नाहीये."

मला कळलं तो काय म्हणतोय ते. माशांना खायला घालायचं काम अण्णांनी स्वतःहून मागून घेतलं होतं. बस गॅरेजमध्ये उभा जन्म काढलेला माणूस. आई गेल्यावर वाकोल्याच्या खोलीला कुलूप लावून माझ्याकडे आला. मी एकुलती एक, दुसरीकडे जाणार कुठे? पण लेकीच्या घरी राहायचं ओझं त्यांच्या वागण्यात दिसायचं. पंखासुद्धा विचारून लावायचे. "एवढं तरी काम द्या मला," म्हणाले होते, आणि नवऱ्याने त्यांना चिमूट केवढी घ्यायची ते करून दाखवलं होतं.

जेवताना त्याने विषय काढला. "अण्णा, दिवसातून किती वेळा घालता हो खायला?"

"एकदा. सकाळी. तुम्ही दाखवलंत तेवढंच."

"नक्की?"

अण्णांनी हातातला घास ताटात ठेवला. "म्हणजे मी खोटं बोलतोय?"

"तसं नाही म्हणत तो," मी म्हटलं.

"तसंच म्हणतायत." ते उठले. हात धुऊन आले आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "माझी खोली आहे वाकोल्याला. जाईन मी."

आम्ही आमच्या खोलीत गेल्यावर नवरा माझ्यावर चिडला. "मी काय वाईट बोललो? मासे मरतायत गं."

"माशापायी माझा बाप घर सोडून निघालाय."

"मग खरं सांगायचं ना त्यांनी!"

खरं सांगायचं तर मलाही अण्णांचा राग आला होता. मान्य करायला काय जातं, असं वाटत होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला घरून काम करते असं कळवलं आणि जेवणाच्या टेबलावर अशी बसले की टँक समोर राहील.

चहा झाल्यावर अण्णा उठले. डबी उघडली, चिमूट टाकली, काचेवर बोटाने टकटक केलं. "या रे पोरांनो, जेवायला." डबीचं झाकण घट्ट लावून पेपर घेऊन बसले. सगळं ठीक. मग पेपर चाळता चाळता मध्येच थांबले. "अरे, यांचं राहिलंच की!" पुन्हा डबी, पुन्हा चिमूट, पुन्हा टकटक. "या रे पोरांनो, जेवायला." मी बघत राहिले. माझ्या देखत करतायत आणि वर नाही म्हणतात? बोलायला तोंड उघडलं, तोवर ते आंघोळीला गेले होते. आंघोळ करून आले आणि ओल्या केसांनीच पुन्हा टँकपाशी गेले. तीच टकटक, तेच शब्द, तीच माया. झाकण तसंच दोनदा दाबून लावलेलं.

खोटं बोलणारा माणूस असा नसतो.

"अण्णा, आत्ताच घातलंत ना?"

"कधी? सकाळपासून उपाशी आहेत बिचारे."

मी त्यांचा हात धरून वर केला. बोटांच्या टोकांना लाल चुरा चिकटला होता. आधीचं खाणं पाण्यावर तसंच तरंगत होतं. त्यांनी बोटं पाहिली, मग पाणी पाहिलं, आणि हळूच खुर्चीत बसले.

"किती वेळा?"

"माझ्यासमोर तीनदा."

मग म्हणाले, "तुझी आई गेल्यापासून होतंय असं. वाकोल्याला दूध आणायला गेलो आणि गल्लीच्या तोंडाशी उभाच राहिलो. आपली खोली कुठल्या अंगाला, तेच सुचेना." त्यांनी माझं मनगट घट्ट पकडलं. "जावयांना सांगू नकोस. खोटारडा म्हणू देत मला. पण हे नको."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

दुपारनंतर मासे पुन्हा वर आले. एक कलंडून पोहायला लागला. त्यातच सोसायटीची टाकी साफ करायला काढलेली, नळाला थेंब नाही. मी नवऱ्याला फोन करून मासे बघवत नाहीत एवढंच सांगितलं. तो लवकर निघून आला. दार उघडताच त्याने टँक पाहिला, पाण्यावरचा चुरा पाहिला, आणि त्याचा चेहरा आवळला.

"अण्णा, आता तरी..."

सांगावं तर दिलेला शब्द मोडतो, गप्प राहावं तर पुढचं वाक्य काय येईल कुणास ठाऊक. तेवढ्यात अण्णा खुर्चीचा हात धरून उभे राहिले.

"मीच घालतो, जावई. पुन्हा पुन्हा घालतो. घातलेलं आठवत नाही मला."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्याने खांद्यावरची बॅग खाली ठेवली आणि पाइप काढला.

"अण्णा, पाइपचं टोक जरा बादलीत धरता का?" तो म्हणाला. "सुटलं तर हॉलभर पाणी होईल."

अण्णा बादलीपाशी बसले. बाथरूममधल्या ड्रमात होतं नव्हतं ते सगळं पाणी आम्ही क्लोरीन मारायचं औषध टाकून टँकमध्ये ओतलं. भांडी तशीच पडली, नवरा घामट अंगानेच जेवायला बसला. कलंडलेला मासा वाचला नाही. बाकीचे दोघे तळाशी जाऊन पडून राहिले.

पुढे काही दिवस माशांना खायला काहीच द्यायचं नव्हतं. डबी आमच्या कपाटात ठेवा, असं अण्णांनीच सांगितलं. रोज थोडं थोडं पाणी बदलत गेलो आणि नळी हळूहळू पिवळी झाली. पण त्या अमोनियाचं शेवटी नायट्रेट होतं, तेही साचलं की माशांना बाधतं, आणि त्याची वेगळी नळी लालच येत राहिली. स्टेशनजवळच्या मासेवाल्याच्या सांगण्यावरून आम्ही मनीप्लांटच्या फांद्या मुळं पाण्यात सोडून टँकच्या कडेला लावल्या. मुळं नायट्रेट ओढतात म्हणे. लाल रंग उतरायला फार वेळ लागला, पण उतरला.

डॉक्टरांकडे नवराच त्यांना स्कूटरवरून घेऊन गेला. तपासण्या झाल्या. ही सुरुवात आहे, औषधाने वेग कमी होईल, मागे फिरणार नाही, असं सांगितलं. वाकोल्याला जायची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

आता खायला मी घालते. अण्णा मात्र दिवसभर विचारतात, "घातलं का यांना?" सुरुवातीला नवरा मोबाइलवरून नजर न काढता "घातलं" म्हणायचा, आणि प्रत्येक वेळी तो शब्द थोडा आणखी तुटक यायचा. मी स्वयंपाकघरात असले तरी कान तिकडेच असायचे. कधीतरी हा ओरडणार, ही भीती अजून गेलेली नाही. परवा अण्णांनी असंच लागोपाठ विचारलं. मी गॅस बारीक केला.

"चला, अण्णा," नवऱ्याचा आवाज आला. "पोटं भरलेली दिसतायत का, तुम्हीच बघा."

मी दारातून डोकावले. दोघं टँकपुढे वाकून उभे होते. अण्णांनी बराच वेळ निरखून पाहिलं, समाधानाने मान हलवली, खुर्चीत येऊन बसले. आणि नवऱ्याकडे बघून विचारलं, "घातलं का यांना?"

"हो, अण्णा," तो म्हणाला. "घातलं."