आमचा गोलकीपर अन्वर

वीस वर्षं एकाच मैदानावर जाऊन माणसाकडे काय जमा होतं? गुडघेदुखी आणि किस्से. अकोल्यातल्या आमच्या फुटबॉल क्लबाचा मी अकरा वर्षं कॅप्टन होतो. मूळचा हिवरखेडचा, पोटापाण्यासाठी एका शाळेत क्लार्क. लग्नकार्यात चार मित्र भेटले की मैदानावरचे किस्से रंगवून सांगायचो आणि मंडळी पोट धरून हसायची. मध्यंतरी माझ्या मुलीनं ते ऐकले आणि विचारलं, "बाबा, यात हसण्यासारखं काय आहे?" तेव्हापासून सांगताना जीभ अडते. तरी सांगतो.

बहुतेक किश्शांत अन्वर असतो. अन्वर आमचा गोलकीपर. पातूरला त्याचं दुकान, शेतातल्या पंपांच्या मोटरी रिवाइंड करायचं. उंच, कमी बोलणारा, आणि माझ्यापेक्षा अस्सल वऱ्हाडी बोलणारा.

*

सामन्याआधी आम्ही मैदानाच्या कोपऱ्यातल्या मारुतीपुढे नारळ फोडायचो. अन्वर तेवढा वेळ लांब पाण्याच्या टाकीपाशी थांबायचा. एकदा हरल्यावर कोणीतरी बोलून दाखवलं, टीममधला एक माणूस वेगळा उभा राहतो, मग देव पावणार कसा? मीही मान डोलावली.

आमचा लेफ्ट विंगर गोपाल हे ऐकून अवघडला. तो रिद्धपूरकडचा, घर महानुभाव पंथाचं. त्यांच्याकडे दुसऱ्या देवांपुढे हात जोडत नाहीत. तोही नऊ वर्षं त्याच टाकीपाशी थांबत होता, आणि आम्हाला कोणालाच ते खटकलं नव्हतं.

अन्वर बूट काढता काढता म्हणाला, "आमी दोघं संगंच उभे रायतो. तुमाले एकटा मीच दिसतो."

*

एका वर्षी नव्या जर्सी शिवल्या. आमच्या भगव्या. गोलकीपरची वेगळी लागते, म्हणून दुकानदारानं आपल्या मनानं हिरवी पाठवली. ती कमिटीपुढे आली. कमिटीचे प्रमुख आमचे सर, पी.टी.चे निवृत्त शिक्षक. ते म्हणाले, लोक काय म्हणतील, बदलून आण. मी बदलून आणली. अन्वरला सांगितलं, साइज चुकली होती.

तो म्हणाला, "साइज तं बराबर होती. मी घालून पायली होती."

मी आणलेली नवी जर्सी नारिंगी-पिवळी निघाली. सामन्याच्या दिवशी रेफरीनं ती पाहिली आणि खेळ सुरू करायलाच नकार दिला. म्हणाला, तुमचा कीपर आणि तुमचे बाकीचे खेळाडू ओळखू येत नाहीत, यावर बिनबाह्यांची बिब घाला. त्याच्या पिशवीत एकच बिब शिल्लक होती. हिरवी.

अन्वरनं त्या दिवशी पेनल्टी अडवली. कमिटीनं टाळ्या वाजवल्या, पण जरा बेतानं.

*

अमरावतीला सामना होता. जीपनं निघालो आणि मूर्तिजापूरजवळ चहाला थांबलो. हॉटेलात टीव्हीवर भारत-पाकिस्तान क्रिकेट लागलं होतं. सगळी टीम टीव्हीपुढे. अन्वर कोपऱ्यात पोहे खात होता. त्याला क्रिकेटचा कंटाळा, हे आम्हाला वर्षानुवर्षं माहीत होतं.

आपली विकेट पडली. मी टीव्हीवरून नजर काढली आणि अन्वरकडे पाहिलं. पुढची विकेट पडली, पुन्हा पाहिलं. तिसऱ्या वेळेला त्यानं चमचा खाली ठेवला.

"कॅप्टन, स्कोर टीव्हीवर हाये. माह्या तोंडावर नाई."

हा किस्सा मी सर्वांत जास्त वेळा सांगितला आहे. सांगताना मी 'आमच्यातला एकजण' त्याच्याकडे पाहत होता, असं म्हणायचो.

*

मग अन्वरच्या नात्यातल्या लोकांनी अकोल्यात मोहल्ल्याची टीम काढली. अन्वरला बोलावणं आलं. तो गेला नाही. म्हणाला, इतकी वर्षं इथंच खेळून राहिलो, आता कुठं जाऊ?

जिल्ह्याच्या स्पर्धेत सेमीफायनलला नेमके तेच समोर आले. त्याच्या गोलमागे त्याचा सख्खा चुलतभाऊ उभा राहून त्याला पूर्ण नव्वद मिनिटं गद्दार म्हणत होता. शेवटी शेवटी एक साधा शॉट आला, त्याच्या हाताला लागला आणि आत गेला. आम्ही एक-शून्यनं हरलो.

बेंचवर सर बसले होते. ते हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सोडला त्यानं."

मी कॅप्टन. शेजारी उभा होतो. पाणी प्यायलो.

*

आठ दिवसांनी कमिटीनं मला पातूरला पाठवलं. अन्वरला स्पष्ट विचारून ये, गोल मुद्दाम सोडला का. मी गेलो. दुकानात तांब्याच्या तारांची वेटोळी पडली होती आणि अन्वर डाव्या हातानं काम करत होता. त्यानं चहा मागवला. मी कापसाचं विचारलं, पावसाचं विचारलं, मोटरीचं विचारलं.

दुकानामागेच त्यांचं घर. त्याची आई बाहेर आली, माझ्या घरच्यांची चौकशी केली, मग म्हणाली, "बेटा, त्याचं बोट पाह्य ना. मॅचच्या आदल्या दिवशी मोटर पडली बोटावर. मी म्हनलं जाऊ नको, तं म्हने कॅप्टनकडं दुसरा कीपर नाई."

अन्वरनं हात मागे घेतला. म्हणाला, "ठीक होते ते. तू काहून आला होता पण?"

मी म्हणालो, सहजच.

परत आल्यावर कमिटीला बोटाचं सांगता आलं असतं. पण मग आपण काय विचारायला गेलो होतो आणि का विचारू शकलो नाही, तेही सांगावं लागलं असतं. मी सांगितलं, तो घरी नव्हता. कमिटीनं आपला अर्थ काढला.

*

त्या पावसाळ्यात शहरात थोडी तणातणी झाली. मग काही थोर मंडळींनी ठरवलं की पंधरा ऑगस्टला सद्भावना सामना घ्यायचा, आमचा क्लब आणि मोहल्ल्याची टीम. अकरा जणांची यादी मी लिहिली, गोलात एक नवा पोरगा घेतला. अन्वर पलीकडून खेळेल, असं धरून चाललो. त्याला फोन केला नाही.

सकाळी झेंडावंदनानंतर मोहल्ल्याचा कॅप्टन रफीक माझ्याकडे आला. त्यानं विचारलं, अन्वरभाई तुमच्याकडूनच आहेत ना? आम्ही त्यांना धरलेलं नाही.

तेवढ्यात अन्वर आलाच. पातूरहून मोटरसायकलवर, पाठीला बॅग. ग्लोव्हज घालून तो दोन्ही टीमच्या रांगांकडे आला. आमच्या रांगेत गोलकीपर उभा होता. त्यांच्याही रांगेत उभा होता. अन्वरनं एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे पाहिलं आणि मधोमध, सेंटर लाइनवर थांबला. मी यादीची घडी घातली आणि खिशात टाकली.

प्रमुख पाहुणे हस्तांदोलन करत आले. रफीकच्या टीमशी हात मिळवून झाले. मग अन्वरपाशी थांबले. त्यांनी त्याचा हात हातात घेतला आणि कौतुकानं विचारलं, "आणि तुम्ही कोणत्या टीमचे?"

"मी गोलकीपर हाये, साहेब," अन्वर म्हणाला.

पाहुणे हसले, त्याची पाठ थोपटली आणि माझ्यापुढे आले.

"आणि तुम्ही?"

"मी कॅप्टन," मी म्हणालो.