तांब्याभर पाणी

लेकीनं नवी गाडी दारात उभी केली. तापलेल्या ब्रेकचा करपट वास आला आणि मला येडशीचे रशीद मिस्त्री आठवले.

माझी पहिली गाडी तेव्हा जेमतेम महिन्याची होती आणि ब्रेक दाबला की थरथरायची. आईला शेजारी बसवून मी ती घाबरतच त्यांच्याकडं नेली.

"थरथर हाताला लागती का बुडाला?" त्यांनी विचारलं.

"हाताला. स्टेअरिंगच हलतं."

"मग पुढचीच चाकं." चाक काढून त्यांनी ब्रेकच्या चकतीवर अलगद बोट फिरवलं. "वाकलीय. तापलेली असताना पाणी पडलं का हिच्यावर?"

आई हौसेनं म्हणाली, "म्याच घातलं की! पहिल्यांदा दारात आली, तवा पायावर पाणी नको व्हय?"

मिस्त्रींनी आईच्या हौशी चेहऱ्याकडं पाहिलं. "लई बरं केलं, आई. पण तुमचा लेक घाटात ब्रेक लई दाबतोय, त्यानं वाकली."

चकती लेथवर घासून बसवली, तशी गाडी लोण्यासारखी थांबू लागली. परतताना आईनं मला वाटभर झापलं. तेव्हा मला मिस्त्रींचा रागच आला होता. आज वाटतं, त्यांची जीभही त्या बोटासारखीच अलगद फिरायची.

इतक्यात म्हातारी झालेली आई पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"आई," मी म्हणालो, "जरा दम खाऊ दे गाडीला. मग घाल पाणी."