मेंढरांना मीठ, मला न्हाई

मंडळी, संध्याकाळपासून हे कुणाला तरी सांगायचंय, पोटात राहत नाहीये!

सकाळी कवठे महांकाळच्या माझ्या दवाखान्यात एका मेंढपाळ आजोबांना त्यांची सून घेऊन आली. दोन दिवस ते काहीबाही बरळत होते, तिलाही ओळखत नव्हते. मला वाटलं, मेंदूचा झटका. सांगलीला पाठवायची चिठ्ठी लिहायला घेतली.

तेवढ्यात सून म्हणाली, "मॅडम, बीपीच्या पथ्यात आमी कसर केली न्हाई. महिनाभर मिठाचा कण दिला न्हाई बगा."

माझं पेन थांबलं! वर लघवी वाढवून मीठ बाहेर टाकणारी बीपीची गोळी रोज चालूच. लगेच रक्त तपासलं. सोडियम, म्हणजे रक्तातलं मीठ, एकशे दहा! निदान एकशे पस्तीस हवं.

ती गोळी बंद केली आणि जास्त मिठाचं सलाईन सुरू केलं, तेही मोजून, कारण सोडियम झपाट्यानं वाढलं तर मेंदूलाच इजा होते. दुपारभर मी पुन्हापुन्हा रक्त तपासत होते.

चार वाजता आजोबांनी डोळे उघडले. "सुमन, मेंढरांकडं कोण हाय गं?"

सून रडायलाच लागली. मी सिस्टरना टाळी दिली!

झालं काय ते सांगितल्यावर आजोबा भडकले. "आवं डॉक्टरीणबाई, मेंढरं मलूल झाली की आमी मीठ चारतो. आन् माझंच तोडलं व्हय?"

मी हसले. मग त्यांची जुनी फाईल उघडली. 'मीठ कमी', अक्षर माझंच. किती कमी, ते लिहिलंच नव्हतं.

तुमच्या डॉक्टरांनी सांगितलंय का, किती ते?