छपरावरचे पाय

न्यू जर्सीत घर घेतल्यावर पहिल्याच हिवाळ्यात मला कळलं, की छप्पर गळायला पाऊस लागत नाही.

तोवर आम्ही जर्सी सिटीत भाड्यानं राहत होतो. तिथं आमच्या डोक्यावर बर्फ नसायचा, वरच्या मजल्यावरचे लोक असायचे. स्वतःच्या घराला काचेच्या झुंबरासारखे बर्फाचे सुळे लटकले, तेव्हा मी कौतुकानं फोटो काढून भारतातल्या सगळ्या नातेवाइकांना पाठवले.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या दिवशी दुपारी मुग्धानं, म्हणजे माझ्या बायकोनं, हॉलमधून हाक मारली. "अहो, सोफ्यावर पाणी पडतंय."

तिचं नव्या घरातलं हे पहिलं हळदीकुंकू. बायका संध्याकाळी यायच्या होत्या. मी पातेलं ठेवलं आणि व्हिडिओ लावला. घराच्या उबेनं छपरावरचा बर्फ वितळतो, पाणी कडेच्या पन्हळीत येऊन पुन्हा गोठतं, आणि त्या बांधामागं तुंबलेलं पाणी छपराखालून घरात शिरतं.

"गटर फ्रीझ झालंय," मी जाहीर केलं.

"छपरावर गटार?" नाशिकहून आलेली माझी आई म्हणाली. "आणि त्याखाली मी तिळगूळ वळतेय?"

"आई, गटर म्हणजे पन्हळ."

उपाय सोपा होता. बर्फ वितळवायचं मीठ लांब मोज्यात भरायचं आणि मोजा त्या बांधावर आडवा टाकायचा. एवढा लांब मोजा घरात एकच होता: मुग्धाची ऑफिसच्या पार्टीला घालायची, अंगाच्या रंगाची, कमरेपर्यंतची स्टॉकिंग्ज. ती कापावीत असं व्हिडिओतला माणूस म्हणत होता. (त्याचं लग्न झालं नसावं.) मी न कापता दोन्ही पायांत मीठ भरलं.

"घरावरून मीठ उतरवतोयस, तर मोहऱ्याही घे," आईनं सुचवलं.

शिडीवर चढून मी ते सगळं जोर लावून वर फेकलं. ते आडवं पडलं नाही. कमरेचा भाग बर्फात अडकला आणि दोन्ही पाय बरोबर दाराच्या डोक्यावर लोंबू लागले. मीठ मी ठासून भरलं होतं. पोटऱ्या फारच भरदार दिसत होत्या.

माझी मुलगी सानिका बाहेर येऊन बघून गेली. "बाबा, दॅट लुक्स लाइक अ पर्सन."

"काम झालं की काढतो," मी म्हणालो आणि सोफा पुसायला आत गेलो.

बायका निसरड्या वाटेकडे बघत, माना खाली घालून आल्या. पैठण्या सोफ्यापासून लांब बसवल्या. पातेल्यात टपटप चालूच होती, मुग्धा त्यावर मोठ्यानं बोलत होती. तेवढ्यात दारात भोंगा वाजवत फायर ब्रिगेडचा ट्रक येऊन थांबला.

दारात हेल्मेट घातलेला धिप्पाड माणूस उभा होता. "घरातले सगळे सुखरूप आहेत ना?"

"हॉलमध्ये थोडं गळतंय," मुग्धा चाचरत म्हणाली. "पण तुम्हाला कुणी बोलावलं?"

"छपरावरून कुणीतरी लटकतंय, असा फोन आलाय."

सगळं हळदीकुंकू अंगणात आलं. वर बघून मुग्धा माझ्याकडे वळली. "ती माझी आहेत?"

"कापली नाहीत," मी म्हणालो.

एक जवान वर चढला. त्यानं एक पाय चाचपला, खाली बघून "मीठ" असं ओरडला आणि दोन्ही पाय धरून ओढले. मिठानं आपलं काम बऱ्यापैकी केलं होतं. पायांबरोबर बर्फाचा अख्खा बांध सुटला आणि तुंबलेलं पाणी धबधब्यासारखं खाली आलं. खाली मी उभा होतो.

घरातली टपटप थांबली. आईनं प्रत्येक जवानाच्या हातावर तिळगूळ ठेवला. मुग्धाला माझ्यावर चिडायचं होतं, पण मला टॉवेल देतादेता तिला हसू फुटलं आणि ते तिला रात्रीपर्यंत आवरलं नाही.

दुसऱ्या दिवशी समोरच्या बार्बराबाई केक घेऊन आल्या. फोन त्यांनीच केला होता. वय झालेलं, नजर अधू, पण जीव लावणारी बाई. त्यांनी माझा हात हातात घेतला.

"मला वाटलं, तूच पडलास."

"पण ते पाय तर स्टॉकिंग्जमधले होते," मुग्धा म्हणाली.

बार्बराबाईंनी माझा हात आणखी घट्ट धरला. "तुझं घर आहे बाळा. घरात कुणी काय घालावं, ते मी कोण ठरवणार? गल्लीतल्या सगळ्यांनाही मी हेच सांगितलंय."

तेव्हापासून आमच्या गल्लीत सगळे मला फार समजूतदारपणे हात करतात.